दूरच्या बेटांना आधार: दरसालचं अनुदान की कायम निधी?

मोठ्या देशाच्या ताब्यातलं एखादं दूरचं बेट स्वतःच्या उत्पन्नावर चालत नसेल, तर त्याला पैसा कोणत्या मार्गाने द्यावा? यावर टिपण किंवा शिफारस लिहायला बसलेल्यांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिल्या वाटेत पालक देश दरसाल तूट भरून देतो. ब्रिटन दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना आणि कॅरिबियनमधलं माँटसेराट या आपल्या बेटांसाठी हेच करतं. दुसऱ्या वाटेत मोठं मुद्दल एकदाच बाजूला ठेवायचं आणि त्याच्या परताव्यातून बेटाचा खर्च भागवायचा. तुवालू या प्रशांत महासागरातल्या छोट्या स्वतंत्र देशाने १९८७ मध्ये हे केलं. पुढे न्यूझीलंडच्या छायेतल्या टोकेलाऊ आणि नियू या बेटांसाठीही अशाच धर्तीचे निधी उभे राहिले.

तिसरीही एक वाट आहे, बेटाला सरळ आपल्या व्यवस्थेत ओढून घेण्याची. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१६ पासून नॉरफोक बेटावर ती चालवली. तिथल्या लोकांना आयकर लागू झाला, त्याबरोबर मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना आणि सामाजिक सुरक्षाही आली. पण १९७९ पासूनची स्थानिक विधानसभा त्याआधीच, २०१५ मध्ये, मोडीत निघाली होती. पैशाचा प्रश्न सुटतो, निर्णयाचा अधिकार जातो. ज्यांना हे चालेल त्यांना पुढचं वाचायची गरज नाही.

दरसालच्या अनुदानाची जमेची बाजू मोठी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. परदेशी मदतीच्या रकमेवर आपल्या गरजू प्रदेशांच्या वाजवी गरजांचा पहिला हक्क आहे, अशी ब्रिटनची जाहीर भूमिका आहे. २०१२ च्या श्वेतपत्रिकेत ती स्पष्ट मांडली आहे. संकट आलं की ही पद्धत फुगू शकते. माँटसेराटवर १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि राजधानी प्लिमथ राखेखाली गेली. बेटाचा दक्षिण भाग सोडावा लागला. अशा वेळी कुठल्याही कायम ठेवीचं व्याज पुरलं नसतं. सेंट हेलेनाचा विमानतळही अनुदानातूनच झाला. ड्राय गट नावाची जवळपास शंभर मीटर खोल घळ भरून धावपट्टी लांबवावी लागली आणि एकूण खर्च २८.५ कोटी पौंडांच्या घरात गेला. धावपट्टीच्या उत्तर टोकाला कड्यावरून येणाऱ्या वाऱ्याची दिशा आणि वेग अचानक बदलतो. त्यामुळे २०१६ मध्ये व्हायची नियमित विमानसेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. तरीही, पूर्वी गंभीर रुग्णाला केपटाउनला नेताना बोटीवर पाच दिवस काढावे लागत, हे आठवलं की हा खर्च वाया गेला असं म्हणवत नाही.

मग माझा कल कायम निधीकडे का? कारण एकच, आणि ते बाहेरून किरकोळ वाटेल: मार्चएंड. ब्रिटनचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. सेंट हेलेना आणि माँटसेराटही तेच वर्ष पाळतात. त्या तारखेला देणाऱ्या खात्याच्या दृष्टीने तरतूद संपते. मार्चमध्ये जिल्हा परिषदेत बिलं काढायची घाई ज्याने पाहिली आहे, त्याला यातली गोम लगेच कळेल. फरक इतकाच की जिल्ह्याला ट्रकने माल येतो आणि सेंट हेलेनाला केपटाउनहून तीन हजारांहून अधिक किलोमीटर समुद्र ओलांडून, काही आठवड्यांतून एकदा निघणाऱ्या मालवाहू जहाजाने.

सेंट हेलेनाच्या वीजघरातल्या जनरेटरचा एक मोठा भाग बदलायचा आहे असं धरा. अनुदानाच्या वाटाघाटी हिवाळ्यात होतात, आकडा मार्चच्या सुमारास किंवा त्यानंतर पक्का होतो. निविदेला आठ आठवडे. कारखान्यात भाग तयार व्हायला बारा. युरोपहून केपटाउनला तीन-चार. तिथे कंटेनर जहाजाची वाट पाहत पडतो, एक फेरी चुकली की महिना गेलाच. मग पाच-सहा दिवसांचा प्रवास, बेटावरच्या रुपर्ट्स इथल्या धक्क्यावर उतरवणं आणि जोडणीसाठी बाहेरचा तंत्रज्ञ. सगळं सुरळीत झालं तरी सात-आठ महिने लागतात. निविदा एकदा फेरकाढावी लागली की मार्च अंगावर येतो. म्हणून अधिकारी वर्षात बसतील अशी छोटी कामं निवडतात आणि छप्पर, पाण्याच्या टाक्या, वीजघर यांची देखभाल पुढे ढकलली जाते. पुढे ढकललेली देखभालच काही वर्षांनी मोठ्या भांडवली मागणीच्या रूपात परत येते. अशी अंदाजपत्रकं वर्षानुवर्षे वाचली की हे चक्र डोळ्यांत भरतं. ते आकड्यांत मोजून दाखवणं मात्र अवघड आहे.

कायम निधीत हा फास सुटतो. तुवालूची रचना इथे नीट पाहण्यासारखी आहे. सुरुवातीचं मुद्दल २.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास होतं. त्यात मुख्य वाटा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनचा, आणि तुवालूचाही. खाती दोन. 'अ' खात्यात मुद्दल असतं आणि ते ऑस्ट्रेलियातल्या महागाईच्या दराने वाढवत न्यावं लागतं. त्यावर जे उरेल तेवढंच 'ब' खात्यात उतरतं आणि सरकार फक्त 'ब' मधून काढू शकतं. 'ब' मधला पैसा ३१ मार्चला कुठे जात नाही. जहाज चुकलं तर काम पुढच्या वर्षी होतं, इतकंच.

दोष आहेतच. २००८ च्या जागतिक मंदीनंतर काही वर्षं तुवालूच्या 'अ' मधून काहीच उतरलं नाही. 'ब' मध्ये आधीची शिल्लक होती म्हणून निभावलं. त्यामुळे 'ब' मध्ये किमान दोन-तीन वर्षांची गरज साठेपर्यंत हात आखडता ठेवावा. दुसरा धोका नाउरू या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेट-देशाने दाखवला. फॉस्फेटच्या रॉयल्टीतून उभा राहिलेला निधी सरकारने बेभरवशाच्या गुंतवणुकीत घातला, त्यावर कर्जं काढली आणि २००४ मध्ये मेलबर्नमधली नाउरू हाउस ही उंच इमारतसुद्धा विकावी लागली. निधी तारण ठेवता येणार नाही, हे कलम करारात हवंच. देणाऱ्या देशांचे प्रतिनिधी विश्वस्त मंडळावर असणंही गरजेचं. हा अपमान वाटू शकतो, पण तुवालूचं मुद्दल शाबूत राहण्यात त्याचा हात आहे असं मला वाटतं.

राहिला आकाराचा प्रश्न. महागाई वजा जाता ४ टक्के परतावा धरला, तर दरसाल हव्या असलेल्या रकमेच्या पंचवीसपट मुद्दल लागतं. सेंट हेलेनाचा चालू खर्चाचा आधार साधारण ३ कोटी पौंड आहे, म्हणजे ७५ कोटींचा निधी. कुठलाही अर्थमंत्री एका फटक्यात हे देणार नाही. पण सगळा खर्च निधीवर टाकायची गरजही नाही. विमानतळाला लागली तेवढीच रक्कम ठेवली असती तर वर्षाला १.१४ कोटी पौंड मिळाले असते. चार-साडेचार हजार वस्तीच्या बेटावर देखभालीसाठी हा पैसा थोडा नाही.

म्हणून माझी शिफारस अशी: देखभाल आणि सुटे भाग निधीवर, पगार आणि आपत्ती अनुदानावर. आणि निधी जमणारच नसेल, तर अनुदानाच्या करारात दोन गोष्टी लिहून घ्या. भांडवली रकमेचा न खर्चलेला भाग पुढच्या वर्षी वापरता यावा, आणि ऑर्डर दिल्याची तारीख हीच खर्चाची तारीख मानली जावी, माल धक्क्यावर उतरल्याची नव्हे.