सोलर बसवताय? पैसे कुणाच्या खात्यात जातायत ते आधी बघा

सोलापुरात सध्या गल्लीबोळात सोलरवाले फिरतायत. विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर, कुठंही जा, खांबावर फलक दिसतोच: ‘लाइट बिल शून्य, सबसिडी ७८,०००’. योजना खरी आहे, सबसिडीही खरी आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाबद्दल तर बोलायलाच नको. गडबड होते ती मधल्या माणसात. असल्याच एकाने माझ्या गच्चीवर काय करून ठेवलं ते सविस्तर लिहितोय, कारण त्याच माणसाचं कोटेशन हातात घेऊन विचार करत बसलेले अजून काहीजण आमच्याच कॉलनीत आहेत.

आधी सबसिडीचं समजून घ्या, कारण सगळी फसवणूक तिच्याच आडून होते. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००, आणि त्याहून मोठी सिस्टीम बसवली तरी तेवढेच. हे पैसे सिस्टीम बसून, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा) लागून, सगळी माहिती योजनेच्या सरकारी पोर्टलवर चढल्यानंतर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. तेव्हा कुणी ‘सबसिडी वजा करूनच रेट सांगतोय’ म्हणाला, तर तो स्वतःच्या खिशातून ७८ हजार घालणार आहे का, एवढं विचारा. आमच्यावाल्याने त्यासाठी माझा सही केलेला कोरा चेक मागितला होता. “मालक, फक्त फॉर्म्यालिटी आहे.” चेक मी दिला नाही, तेवढं वाचलं.

त्याचं बोलणं एकदम गोड. टॅबवर गच्चीचा फोटो, त्यावर पॅनेल काढून दाखवले. ५४० वॅटचे ६ पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, एकूण १ लाख ९० हजार. कोटेशनवर एका ‘एंटरप्रायजेस’चं नाव होतं, जीएसटी क्रमांकाची जागा मोकळी. पैसे यूपीआयने टाकायला सांगितले ते एका बाईंच्या वैयक्तिक खात्यात. “घरचंच खातं आहे, मालक.” पोर्टलवरची नोंदणीही त्यानेच केली: “तुम्हाला कशाला त्रास, ग्राहक क्रमांक आणि आधार द्या, बाकी मी बघतो.” त्या अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल त्याने स्वतःचे घातले होते. त्यामुळे मेसेज त्याला, ओटीपी त्याला, आणि माझ्याच नावाच्या अर्जात मला शिरता येईना.

अर्जात वेंडर, म्हणजे सिस्टीम बसवणारी नोंदणीकृत कंपनी, म्हणून कोण आहे, हे मला महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात गेल्यावर कळलं. तिथल्या साहेबांनी स्क्रीनवर बघून नाव वाचलं, ते दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कंपनीचं. त्या कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, “सोलापूरचं काम आमच्याकडे नाही. तो आमच्या रजिस्ट्रेशनवर फाइल टाकतो.” म्हणजे पैसे एकाच्या खात्यात, कोटेशन दुसऱ्याच्या नावाचं आणि सरकारदरबारी जबाबदार तिसराच. योजनेच्या नियमाप्रमाणे वेंडरने ५ वर्षं देखभाल करायची असते. ती कुणी करायची? फोन लावला की हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो ह्याच्याकडे. बाकीचं जे सांगणार आहे ते सगळं ह्या तीन नावांतून निघालेलं आहे.

आता पॅनेल. सबसिडी हवी असेल तर पॅनेल डीसीआर लागतात, म्हणजे आतल्या सेलपासून (वीज तयार करणाऱ्या चकत्यांपासून) भारतात बनलेले. ते आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग असतात, म्हणून चलाख माणूस हात मारतो तो इथेच. माझ्याकडच्या पॅनेलच्या मागे झकास स्टिकर होतं: नामांकित कंपनी, ५४० वॅट, डीसीआर. नंतर दुसऱ्या एका जाणकार इलेक्ट्रिशियनला गच्चीवर नेलं. त्याने स्टिकर वाचलंच नाही, खिशातून टेप काढला. ५४० चा पॅनेल साधारण साडेसात फूट लांब असतो, माझा भरला पावणेसहा फुटाच्या आत. मग त्याने स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, तर खाली दुसरं स्टिकर, त्यावर ४०० वॅट. सहा चोक चोवीस, म्हणजे ३.२४ च्या जागी २.४ किलोवॅट! पुढे त्याने ओल्या फडक्याने काचेची कड पुसली आणि आतला बारकोड दाखवला. हा सीरियल नंबर काचेच्या आत पक्का केलेला असतो, वरून स्टिकर बदलून तो बदलत नाही. कारखान्याच्या डीसीआर प्रमाणपत्रात प्रत्येक पॅनेलचा नंबर छापलेला असतो. मला दिलेल्या झेरॉक्सवरच्या नंबरांपैकी एकही माझ्या काचेवर नव्हता. प्रमाणपत्र खरं असेलही, पण ते कुणा दुसऱ्याच्या पॅनेलचं.

माल उतरवला त्या दिवशी हे सगळं अर्ध्या तासात तपासता येतं. टेम्पोतून पॅनेल उतरले की टेप लावा, काचेतला नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्या, आणि नंबर जुळेपर्यंत वर चढवू देऊ नका. कामगार घाई करतील, “ऊन व्हायच्या आत बसवायचंय” म्हणतील. करू द्या घाई.

अर्थिंगचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. अर्थिंग तीन आणि वेगवेगळी लागतात: पॅनेल आणि स्ट्रक्चर (पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा) यांच्या डीसी बाजूला एक, पॅनेलची डीसी वीज घरासाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या एसी बाजूला एक आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरला एक. माझ्या अंगणात तीन गोल झाकणं होती, वर हिरवा रंग मारलेला. एकाचं झाकण काढून इलेक्ट्रिशियनने आतला रॉड नुसता हलवला, तर तो हातात आला. दीड-दोन फुटाचा तुकडा, खाली थोडं मीठ! बाकीच्या दोन झाकणांखाली वायर होती, रॉडच नव्हता. आपल्याकडे मे महिन्यात वळीव कसा येतो माहीत आहे ना सगळ्यांना, विजा आणि वावटळ एकदमच. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोक पाडून साध्या फास्टनरने आवळलेले. पाऊस लागला तसं जिन्यात पाणी झिरपायला लागलं. वॉटरप्रूफिंगला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाय उभे करता येतात, हे मला नंतर कळलं. कोटेशनमध्ये ‘स्ट्रक्चर’ असा एकच शब्द होता.

सावलीचंही तसंच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक गच्चीवर दोन-तीन मोठ्या टाक्या. माझ्या टाक्या दक्षिणेला आणि त्याने पॅनेल मांडले बरोबर त्यांच्या मागे. थंडीत सूर्य दक्षिणेला कलला की टाक्यांची सावली लांब होऊन पॅनेलवर येते, आणि एका पॅनेलवर सावली आली की त्या लाइनीतल्या बाकीच्यांनाही फटका बसतो. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. माझं तेवढं कधी भरलंच नाही. ‘सोलापूरचं ऊन कडक, डबल युनिट पडतील’ हेही त्याचंच. पॅनेलवर लिहिलेले वॅट सेलच्या २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, आणि आपल्या मे महिन्यात पॅनेल किती तापत असेल ते तुम्हीच ठरवा. पॅनेलखालून वारा खेळला तर थोडं बरं. माझे स्लॅबपासून वीतभर उंचीवर.

दोन गोष्टी त्याने चक्क खोट्या सांगितल्या. एक, लाइट गेली तरी पंखे चालतील. बॅटरी नसलेली ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनीला जोडलेली, सिस्टीम लाइट गेली की आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. दुसरी गोष्ट जास्त महागात पडली. नेट मीटर यायच्या आधीच “टेस्टिंग” म्हणून त्याने सिस्टीम सुरू करून दिली. अनेक जुने मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापरलेलीच धरतात. त्या महिन्याचं बिल नेहमीपेक्षा जास्त आलं. सोलर बसवून बिल वाढलेलं बघून घरच्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. नेट मीटर लागल्यावरही बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

मग करायचं काय? माझ्या मते पोर्टलची नोंदणी स्वतःच्या मोबाइलवर स्वतः करा, येत नसेल तर घरातल्या पोराला बसवा. पोर्टलवर जिल्ह्यातल्या वेंडरची यादी असते, तीत नाव बघा, आणि कोटेशन, जीएसटी बिल, बँक खातं, वॉरंटी कार्ड या सगळ्यांवर तेच नाव आहे का ते पडताळा. एका ठिकाणी जरी नाव बदललं तरी तिथंच थांबा, मग माणूस ओळखीचा का असेना. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या दराने हिशेब लावला नाही ना तेही बघा. योजनेत ३ किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. जवळ पैसे असले तरी हा मार्ग मला बरा वाटतो, कारण बँक कुणा बाईंच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकणार नाही.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी सुरू केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं दाखल फी लागत नाही. वकिलांनी आधी मागितलं ते यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि काचेतल्या नंबरांचे फोटो. व्हॉट्सअॅपवरची गोड बोलणी त्यांनी बाजूला ठेवली. नोटीस दोघांनाही गेली, पैसे घेणाऱ्याला आणि पोर्टलवर नाव असलेल्या कंपनीला. पहिल्याचा फोन बंद लागतो. कंपनीचा मात्र माणूस आला, फोटो काढून गेला, आणि सगळे पॅनेल बदलून देऊ असं लेखी पाठवलंय. नव्या पॅनेलचं प्रमाणपत्र आणि नंबर जुळल्याशिवाय जुन्याचा एक नटही सोडू देणार नाही, असं मी त्यांना उलट लेखी कळवलंय.