शिफ्टचं काम वाटायला फळा बरा की व्हॉट्सॲप ग्रुप?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपवर नव्यानं सुपरवायझर झालेला माणूस हमखास इथे अडतो.

खर्चात ग्रुप जिंकतो, फुकटच आहे. ४ बाय ३ फुटी व्हाइटबोर्डला थोडे पैसे पडतात, वर मार्कर.

खरा फरक वापरात. फळ्यावर पाच रकाने पुरतात: मशीन, पार्ट, ठरलेले नग, झालेले नग, अडचण. दर दोन तासांनी आकडा ऑपरेटरनंच लिहायचा; सुपरवायझर लिहीत बसला तर फळा लवकरच शोभेचा होतो. आकड्यांना मराठी-कन्नड नसतं, हाही फायदाच. ‘सीएनसी ३, ४० पैकी २६, इन्सर्ट तुटला’ (म्हणजे तीन नंबरच्या संगणकी मशीनवर धातू कापणारं टोक तुटलं) एवढं दिसलं की पुढचं पाऊल कळतं. ग्रुपवर हेच गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. शिवाय कूलंटनं, म्हणजे कापताना थंडावा देणाऱ्या द्रवानं, माखलेल्या हातांनी मोबाईल कोण काढणार?

नोंदीत मात्र फळा हरतो, पुसला की गेला. शिफ्ट सुटताना फोटो काढून ठेवावा. चूक दाखवणं दोन्हीकडे नको, ते बाजूला घेऊन.

सगळी मशीनं एकाच छपराखाली असतील तर फळाच घ्या. माणसं खानापूर-निपाणीकडे साइटवर विखुरलेली असतील तर ग्रुप. रजेचे निरोप तेवढे वेगळे फोनवर.