बंबात काय घालायचं? बाभूळ, बुरकुंडं, शेणी की ब्रिकेट

आधी एक हिशेब. अंगणातला बंब, म्हणजे मधल्या नळीत जाळ घालून पाणी तापवायचं तांब्याचं भांडं, 30 लिटरचा धरू. हिवाळ्यात 20 अंशांचं पाणी 65 अंशांवर न्यायला 1350 किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या लाकडात किलोमागे 3600च्या आसपास असतात, पण निम्म्याहून जास्त नळीवाटे वर जातात. तिसरा हिस्सा पाण्याला लागला असं धरलं, तर सव्वा किलोच्या आत काम होतं. लाकूड ओलं असलं, म्हणजे निम्मं वजन पाण्याचंच असलं, तर किलोमागे जेमतेम 2000 हाती येतात. शिवाय जाळ थंड पडतो, धूर कोंडतो आणि नळीला आतून डांबरासारखी चिकट काजळी धरते. ती धरली की तेच पाणी तापायला आणखी वेळ लागतो. म्हणून झाड कुठलं हे नंतर बघा, वाळलंय का ते आधी.

ओळखायचं कसं? दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. ठणठणीत आवाज आला आणि टोकाला चिरा दिसल्या तर वाळलंय. धप्प वाजलं तर नाही. खात्री हवी असेल तर एक ढलपी वजन करून उन्हात ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत रोज तोला.

रोजच्या बंबाला बाभळीला तोड नाही. लाकूड जड, निखारा दमदार, घरातल्या शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत पाणी गरम राहतं. मात्र ओली असतानाच फोडून ठेवावी. वाळल्यावर कुऱ्हाड उसळते. वीतभर लांब आणि मनगटापेक्षा बारीक तुकडे करा. नळीत ठासून भरले तर खालच्या जाळीतून हवा चढत नाही आणि सगळा धूर अंगणात. आंब्याचं लाकूड हलकं, भसकन जळून जातं. तसंही आंबा, जांभूळ, फणस, हिरडा ही झाडं 1964च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगीशिवाय तोडू नयेत. वड, पिंपळ, उंबर कुणी बंबात घालतच नाही.

मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, पेटायला फार चांगली. जाळ मोठा, राख थोडी. पण निखारा टिकत नाही, म्हणून खाली बुरकुंडं, वर बाभूळ ही जोडी जमते. पोती भिंतीला टेकून ठेवू नका, उंदीर घर करतात. तुराट्यांचंही तसंच, जत-आटपाडीकडे जानेवारी-फेब्रुवारीत त्या घरच्याच असतात आणि तिकडची कोरडी हवा त्यांना मानवते.

शेणी, म्हणजे गोवऱ्या, याच्या उलट. हळू धुमसतात, राख भरपूर देतात, जाळी सारखी हलवावी लागते. नुसत्या शेणींवर बंब तापवायला घेतला तर घाई असलेल्या माणसाने दुसरं काही शोधावं. विस्तव धरून ठेवायला एखादी टाकावी, एवढंच. देशावर हुडवा, म्हणजे शेणींचा रचलेला ढीग, वरून लिंपून पावसाळा निघतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात तोही दमट होतो. तिकडे जळण मे अखेरीस छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर गेलंच पाहिजे.

तासगाव-मिरजेकडे द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात आणि जळतातही छान. पण त्यांच्यावर हंगामभर मोरचूद-चुन्यापासून कीटकनाशकांपर्यंत फवारे बसलेले असतात. निदान त्यांच्यावर स्वयंपाक नको, धुरात उभं राहणं नको आणि राखेने भांडी घासणं तर नकोच. उसाचं पाचट बंबात घालू नका. क्षणात भडकतं, काळी राख उडून नळीत अडकते. त्यापेक्षा ते शेतातच कुजू द्यावं. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, पेटवायला टायरचा तुकडा: यातलं काहीच नको.

जळण विकत घ्यावं लागत असेल, तर गॅसशी ताडून बघा. 80 टक्के उष्णता पाण्याला देणारा गॅस गिझर 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये वरच्यासारखे 90च्या आसपास बंब तापवतो. म्हणजे एका सिलिंडरच्या बरोबरीला 100 किलोच्या थोडं वर वाळलेलं लाकूड. वखारीत 100 किलोचा भाव विचारा, उत्तर तिथेच मिळेल. सरपण घरचं असेल तर प्रश्नच नाही.

होम-स्टेचा 200 लिटरचा बॉयलर असेल तर गणित बदलतं. तिथे उसाच्या चिपाडाच्या किंवा शेंगांच्या टरफलांच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या, सोयीच्या: ओल कमी, आकार सारखा, रोजचा खप मोजता येतो. बंबात मात्र त्या फोडूनच घालाव्या लागतात. पाण्याचा थेंब लागला की फुगून भुसा होतात, त्यामुळे पावसाळ्यात आठवड्यापुरत्याच मागवा. एकच ब्रिकेट साठवणीच्या जागी रात्रभर उघडी ठेवा. सकाळी हातात चुरा आला, तर ती जागा आधी दुरुस्त करायची.

जळण कुठलंही असो, बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. निखाऱ्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. आणि पाणी भरल्याशिवाय काडी ओढू नका. रिकाम्या बंबाचा डाख, म्हणजे सांधे जोडणारा धातू, वितळतो, मग तांबटाकडे फेरी.