रीफ टाकीसाठी आरओ-डीआय: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

समुद्री मासे-प्रवाळांच्या टाकीसाठी पाणी शुद्ध करणारं हे यंत्र: चार स्टेज, ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलन) क्षार अडवणारी आरओ मेंब्रेन, सोबत बूस्टर पंप. एवढं खोक्यावरच लिहिलेलं असतं, त्यात जात नाही. लिहायचं कारण आहे शेवटची डीआय कार्ट्रिज, म्हणजे मेंब्रेनमधून सुटलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनची नळी. निळं रेझिन अपेक्षेच्या निम्म्या काळातच तपकिरी झालं, म्हणजे संपलं, आणि सर्व्हिस सेंटरने एकच धोशा लावला: मेंब्रेन बदला. मेंब्रेन ठणठणीत होती. आत येणारं पाणी ४८० टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये), मेंब्रेनमधून निघणारं १४. म्हणजे ९७ टक्के क्षार अडतायत. नवी मेंब्रेनही याहून फारसं वेगळं करणार नाही. ज्या मेंब्रेनमध्ये दोष नाही तिच्यासाठी पैसे मागणं मला अजिबात पटलेलं नाही.

खरी उणीव वेगळीच आहे आणि ती यंत्राच्या रचनेत आहे. मेंब्रेन आणि डीआय यांच्यामध्ये पाणी बाहेर काढायला वाटच ठेवलेली नाही.

यंत्र बंद असताना मेंब्रेनच्या एका बाजूला खारट पाणी उभं असतं, दुसऱ्या बाजूला शुद्ध. क्षार हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात. त्यामुळे सुरू केल्यावर येणारं पहिलं पाणी १४ चं नसतं. माझ्याकडे पहिला लिटर सरासरी ९० च्या घरात येतो, मग आकडा उतरत १४-१५ वर स्थिरावतो. हा ९० चा लिटर थेट रेझिनवर पडतो. टॉप-ऑफसाठी, म्हणजे टाकीतून उडालेलं पाणी भरून काढायला, रोज ५ लिटर काढत असाल तर हिशोब मांडून बघा: पहिल्या लिटरचे ९० मिलिग्रॅम, उरलेल्या चार लिटरचे मिळून ६०. दीडशेतले नव्वद, म्हणजे ६० टक्के रेझिन एका लिटरपायी संपतं. आठवड्याचे झाले १०५०. तेच ३५ लिटर आठवड्यातून एकदाच काढले तर ९० अधिक ५१०, म्हणजे ६००. एक पैसा खर्च न करता ४० टक्क्यांहून जास्त बचत.

वाट काढून दिली तर ते ९० सुद्धा वाचतात. आरओच्या स्पेअर पार्टवाल्याकडून पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन बॉल व्हॉल्व घ्या, दीडशे रुपयांच्या आत काम होतं. मेंब्रेनची शुद्ध नळी टीमध्ये, एक फाटा डीआयकडे, दुसरा बादलीत. सुरू करताना डीआयचा व्हॉल्व बंद, बादलीचा उघडा. ७५ जीपीडी म्हणजे मिनिटाला साधारण २०० मिली, तेव्हा पाच मिनिटांत तो लिटर निघून जातो. इनलाइन टीडीएस मीटर २० च्या खाली आला की आधी डीआयचा व्हॉल्व उघडायचा, मगच बादलीचा बंद करायचा. पंप चालू असताना दोन्ही बंद राहिले तर शुद्ध बाजूला दाब साठतो आणि मेंब्रेनचं नुकसान होतं.

‘पिण्याला १४ उत्तमच’ हे सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं पिण्यापुरतं खरं आहे. रीफ टाकीत पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. आपण रोज नवं पाणी घालतो, म्हणजे त्या १४ मधले सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट साठत जातात. सिलिकेट सगळ्यात फसवं. रेझिन संपत आलं की आधी तेच सुटतं, आणि टीडीएस मीटरला ते जवळपास दिसतच नाही. मीटरवर ० आणि वाळूवर तपकिरी डायटम शेवाळ, हे दोन्ही एकदम शक्य आहे. म्हणूनच दुसऱ्या डीआय कार्ट्रिजबद्दलचं माझं मत बदललं. सुरुवातीला तो उगाचचा खर्च वाटायचा. आता दोन एकापाठोपाठ एक लावल्यात. पहिली संपली की दुसरी तिच्या जागी जाते आणि मागे नवी भरते. रेझिन शेवटच्या कणापर्यंत वापरलं जातं आणि टाकीला धोका नाही.

घरच्या प्युरिफायरचं पाणी मात्र वापरू नका. त्यातला टीडीएस कंट्रोलर चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. तांबं मिसळणारं मॉडेल असेल तर कोळंबी, गोगलगायी आणि कोरल तिघांनाही ते विष आहे.

आरओ-डीआयचं पाणी सगळ्यात जास्त लागतं ते सायकलिंगच्या काळात, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया नव्या टाकीत वाढवताना. १०० लिटरच्या टाकीला पहिल्या भरणीत १०० लिटर, सायकल संपल्यावर नायट्रेट उतरवायला आणखी ३०-५०. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया धरलं तर चारेकशे लिटर वाया जाणाऱ्या नळीतून येतं. ते साठवा, फरशीला, संडासाला चालतं.

त्या १०० लिटरला रीफ टाकीचं मीठ साधारण पावणेचार किलो लागतं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतं. पावसाळ्यात पिशवीतलं मीठ दमट होतं आणि वजनाचा भरवसा उरत नाही, तेव्हा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) हे रिफ्रॅक्टोमीटरवरच, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावरच बघा. तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी, हे द्रावण ३५ दाखवायला हवं.

टाकीत मांडायचा खडक कोरडाच घ्या. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून काही उचलून आणू नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि ते तिथेच असायला हवेत. मी हे सगळं सॉफ्ट कोरलच्या टाकीबद्दल बोलतोय.

सायकल सुरू करायला अमोनिया लागतो. त्यासाठी मेलेला मासा कुजवण्यापेक्षा लॅब ग्रेड अमोनियम क्लोराइड बरं: १०० लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे सुमारे २ पीपीएम. जडीबुटीच्या दुकानातला नवसागर नको, त्यात आणखी काय आहे सांगता येत नाही. बाटलीतले बॅक्टेरिया घाला, दिवे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं उपकरण) बंद ठेवा, पाणी २७-२८ अंश. अमोनिया आधी उतरतो, नायट्राइट बराच काळ चढलेला राहतो. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशांना त्याचा त्रास फार कमी होतो, पण तो असेपर्यंत नायट्रेट टेस्ट फुगवून आकडा दाखवते. त्या आकड्यावर पाणी बदलू नका. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य झाला की सायकल झाली. तीन ते सहा आठवडे धरून चला.

उन्हाळ्यात पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, पुण्याच्या कोरड्या हवेत नीट, मुंबईच्या दमट हवेत कमी. पंखा लावला की टॉप-ऑफ वाढतो, तिथे पुन्हा रेझिनचाच हिशोब.

आहे तसं यंत्र: पाचपैकी दोन. टी बसवून: चार. एक गुण कापला तो सीलबंद कार्ट्रिजच्या किमतीसाठी. उघडता येणारी रिकामी कार्ट्रिज घेऊन सुटं रेझिन भरा. भरताना ठोकून ठोकून गच्च बसवा, वर स्पंज दाबा. पोकळी राहिली तर पाणी तेवढ्याच वाटेने पळतं आणि बाकीचं रेझिन कोरं राहून मीटर १ वर जातो. उरलेलं रेझिन हवाबंद डब्यात, ओलसरच ठेवा.