इकालुइटची सीलिफ्ट: वर्षाची बेगमी जहाजाने मागवायची तर

कॅनडाच्या उत्तर टोकाच्या नुनावुट प्रदेशात राजधानी इकालुइट धरून 25 वस्त्या आहेत आणि एकीलाही बाहेरून रस्ता येत नाही. माल येतो तो विमानाने, नाहीतर बर्फ फुटल्यावर साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात जहाजाने. या जहाजी पुरवठ्याला तिथे ‘सीलिफ्ट’ म्हणतात. कोकणातल्या आगोटीच्या बेगमीसारखाच हा प्रकार, फक्त चार महिन्यांऐवजी वर्षभराचा. नोकरीच्या कंत्राटावर तिकडे जाणाऱ्यांसाठी आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: सेवा उत्तम आहे, पण बुकिंगमधली चूक पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुरुस्त होत नाही.

आधी भाड्याचं गणित, कारण पैसे इथेच वाया जातात. पूर्वेकडच्या वस्त्यांचा माल मॉन्ट्रियलजवळच्या व्हॅलीफील्ड आणि सेंट कॅथरीन या धक्क्यांवरून निघतो. भाडं टनावर असतं आणि टन म्हणजे 1000 किलो किंवा 2.5 घनमीटर, यांतलं जे जास्त भरेल ते. म्हणजे घनमीटरमागे 400 किलोपेक्षा हलकं सामान असेल तर तुम्ही हवेचं भाडं भरता. बाहेरून 1.2 मीटर लांब, रुंद, उंच असा क्रेट, म्हणजे लाकडी खोका, 1.73 घनमीटरचा होतो. त्यात 200 किलो भरा नाहीतर 690, बिल 0.69 टनाचंच. म्हणून तळाला तांदूळ, डाळी, साखर, तेल. आणि वरच्या पोकळीत टॉयलेट पेपर, डायपर, चिवड्याची पाकिटं कोंबायची. नुसत्या हलक्या सामानाचा वेगळा क्रेट करू नका.

क्रेट प्लायवूडचाच हवा, खाली फोर्कलिफ्टचे दात जातील एवढी जागा ठेवून. प्लॅस्टिक गुंडाळलेलं पॅलेट इथे टिकत नाही. बहुतेक वस्त्यांत धक्काच नाही. जहाज खोल पाण्यात उभं राहतं, स्वतःबरोबर आणलेले टग (ओढणाऱ्या छोट्या बोटी) आणि बार्ज (सपाट तळाचे तराफे) क्रेनने पाण्यात सोडतं, आणि भरती आली की बार्ज किनाऱ्याला लावून लोडर माल उतरवतो. या चढउतारात क्रेट आपटतो, पावसात आणि खाऱ्या पाण्यात भिजतो. आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर द्या. नाव, वस्ती, फोन आणि बुकिंग नंबर चारही बाजूंना लिहा. इकालुइटच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक 11 मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे पूर्वी माल उतरवणं भरतीच्या वेळांवर अडून राहायचं. 2023 मध्ये तिथे खोल पाण्याचं बंदर सुरू झालं आणि हा त्रास बराच कमी झाला. बाकी बहुतेक वस्त्यांत माल अजून बार्जने किनाऱ्यावरच उतरतो.

रंग, ब्लीच, स्प्रेचे डबे, लिथियम बॅटऱ्या हा ‘धोकादायक माल’. तो वेगळा जाहीर करून वेगळा बांधावा लागतो. किराण्यात लपवला तर अख्खा क्रेट मागे राहू शकतो. मोसमाच्या शेवटच्या फेरीत पाणीदार वस्तू टाकू नका: शाम्पू, रस, नारळाच्या दुधाचे डबे गोठून फुटतात. गव्हाचं पीठ वर्षभर टिकत नाही, खवट होतं. थोडंच घ्या आणि फ्रीझरमध्ये ठेवा. वर्षाचा भार तांदूळ-डाळीवर टाका.

माल ताब्यात घेताना सही करण्याआधी क्रेट चहूबाजूंनी पाहा, फोटो काढा आणि तुटफूट पावतीवरच लिहून घ्या. वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते, म्हणून सागरी विमा वेगळा काढा. तारखाही पक्क्या धरू नका. 2018 मध्ये बर्फामुळे पश्चिमेकडच्या केंब्रिज बे आणि कुगलुकटुक या वस्त्यांच्या बार्ज फेऱ्या रद्द झाल्या होत्या. औषधं आणि बाळाचं दूध कधीही केवळ जहाजावर सोडू नका.

एक गोष्ट मनाला फार लागते. वर्षाचे पैसे एकरकमी भरू शकणाऱ्याला आणि घरात साठवायला जागा असणाऱ्यालाच जहाजी मालाची ही स्वस्ताई मिळते. दाटीवाटीने राहणाऱ्या इनुइट, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, कुटुंबांकडे अनेकदा दोन्ही नसतं, आणि त्यांनाच दुकानातून महागडं पाकीट-पाकीट घ्यावं लागतं. म्हणून गावाच्या मालकीच्या सहकारी दुकानांचं मोल मोठं: ती सीलिफ्टचा घाऊक माल गोदामात ठेवून वर्षभर विकतात आणि नफा झाला तर सभासदांना खरेदीच्या प्रमाणात परतावा देतात. तिथे पोहोचल्यावर सभासद व्हा. केंद्र सरकारच्या ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ योजनेने 2019 पासून जहाजाने येणाऱ्या ठरावीक पदार्थांवरही किलोमागे 1 डॉलर अनुदान दिलं. ते थेट ग्राहकाच्या हातात येत नाही, नोंदणीकृत विक्रेत्याकडे जातं. तेव्हा दक्षिण कॅनडातून मागवताना विक्रेता यादीत आहे का आणि बिलात वजावट दिसते का, दोन्ही तपासा.

रिकामा क्रेट फोडू नका. जिथे झाड उगवत नाही तिथे प्लायवूडला मोठी मागणी असते. शेजाऱ्याला विचारा, त्याची शेड होईल.