पालेभाजी कशात धुवावी: साधं पाणी, मीठ, व्हिनेगर की क्लोरीन?

भाजी शिजवणार असाल तर साधं पाणी पुरे. बाकीचा खटाटोप कच्च्या पानांसाठी राखून ठेवा. आपल्याकडे कच्ची पानं म्हणजे नुसतं सॅलड नव्हे. पोह्यांवरची कोथिंबीर, चटणीतला पुदिना, भाकरीबरोबरचा मेथीचा घोळाणाही त्यातच आला.

साधं पाणी: जुडी सोडून मुळं नि सडकी पानं काढा. मोठ्या पातेल्यात पानं खळबळून हाताने वर उचला. पातेलं थेट चाळणीत उपडं केलं, की तळाला बसलेली माती परत पानांवरच येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदला, शेवटी वाहत्या नळाखाली धरा. यात जंतू मरत नाहीत, पण बरेचसे वाहून जातात.

मिठाचं पाणी: अळ्या आणि मावा सुटायला चांगलं, जंतूंसाठी जवळपास निरुपयोगी. कोबीतली अळी मेंदूत जाते ही भीती घराघरांत आहे, पण धोका त्या अळीचा नाही. मेंदूत गाठी होतात त्या डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या (टेपवर्म, आतड्यातला चपटा जंत) अंड्यांमुळे. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून पानांवर येतात, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. अळी निघाली, आता भाजी निर्धोक, असं कृपया समजू नका.

खायचा सोडा काही कीटकनाशकांचा अंश काढतो. जंतूंसाठी त्यावर विसंबू नये.

व्हिनेगर: एक वाटी व्हिनेगरला तीन वाट्या पाणी, दहा-पंधरा मिनिटं. जंतू खरोखर कमी होतात. पण कोवळी पानं मलूल पडतात आणि आंबट वास राहतो. कोथिंबिरीच्या एका जुडीला ठीक, रोजच्या मेथी-पालकाला परवडणारं नाही.

क्लोरीन: हॉटेल, खानावळीसाठी हाच पर्याय. मात्र आधी माती धुऊन काढा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. पट्टकृमीच्या अंड्यांवर ते भरवशाचं नाही. घरी अंदाजाने ब्लीच ओतू नका. भाज्यांसाठीचंच द्रावण, वेष्टनावरच्या प्रमाणात. साबण तर कधीच नको, तो पानांत मुरतो.

‘धुतलेल्या’ पालकाचं पाकीट म्हणजे हमी नव्हे. २००६ साली अमेरिकेत पाकीटबंद ताज्या पालकातून ई. कोलाय हा पोट बिघडवणारा जंतू २६ राज्यांत पसरला, तीन जण दगावले. पाकीट घेतलंच तर फुगलेलं, पाणी सुटलेलं नको, आणि घरी येताच फ्रिजमध्ये ठेवा.

या सगळ्यांपेक्षा आच भारी. भाजी सगळीकडून वाफाळेपर्यंत शिजली, की जंतू आणि अंडी दोन्ही मरतात. घरात गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्यांच्या ताटात कच्ची पानं नकोत. घोळाण्याऐवजी मेथी परतून द्या आणि कोथिंबीर आमटी उकळत असतानाच घाला.