सल्ल्याचे नऊ हजार: इंदिरानगरच्या जुन्या रो हाउसमधले दहा महिने

नाशिकच्या इंदिरानगरमधलं आमचं रो हाउस १९९४ सालचं. खाली हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. खालच्या मजल्याचं काम मार्चअखेर संपलं, आता जानेवारी संपत आलाय. उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्ही काढून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं.

पूर्ण इंटिरिअरचं काम आम्ही कुणाला दिलं नाही. एका आर्किटेक्ट मॅडमकडून फक्त सल्ला घेतला. तीन भेटी, नऊ हजार रुपये. काम आमच्या ओळखीच्या ठेकेदारानं केलं. पहिल्याच फोनवर मी विचारून घेतलं होतं की प्लायवाल्याकडून, टाइल्सवाल्याकडून तुम्हाला काही मिळतं का. त्या म्हणाल्या, "काही नाही, माझी फी तेवढीच." नुसत्या बोलण्याचे नऊ हजार द्यायचे हे घरात सगळ्यांनाच जड गेलं होतं.

हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडायची हे आमचं पक्कं झालं होतं. ओपन किचन हवं होतं. ठेकेदारानं भिंत ठोकून बघून "दोन दिवसांचं काम आहे" असं सांगूनही टाकलं होतं. मॅडमनी दाराच्या चौकटीपाशी टेप लावला. प्लास्टर धरून साडेदहा इंच, म्हणजे नऊ इंची वीट. मग वर गेल्या, तर नेमकी तिच्याच डोक्यावर वरच्या खोलीची भिंत. घरभर कॉलम कुठेच नाही. खाली येऊन म्हणाल्या, "ताई, हे लोड बेअरिंग बांधकाम आहे. स्लॅब या भिंतीवर टेकलाय, वरची भिंतही हिच्याच जिवावर आहे. पाडायचीच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. टेकू लावून गर्डर घालावा लागेल. पण मला सांगा, भिंत नको का झालीय?"

"अंधार होतो गं बाई स्वयंपाकघरात," सासूबाई म्हणाल्या.

मागच्या खिडकीपुढे आमचं लोखंडी कपाट उभं होतं आणि त्याला चिकटून फ्रीज. खिडकी उत्तरेची, म्हणजे दिवसभर सारखा, न टोचणारा उजेड देणारी. तिचा निम्म्याहून जास्त भाग आम्हीच वीस वर्षं झाकून ठेवला होता. दोघांना लावून कपाट हलवलं आणि भिंतीचा विषय तिथेच संपला. ती भिंत पाडली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनात येतो आणि पोटात गोळा येतो. जुनी रो हाउसं घेऊन दुरुस्ती काढणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की भिंतीला हातोडा लागण्याआधी जाणकार माणसाला एकदा घरात आणा.

दुसरी भेट ओट्यासाठी होती. माझी उंची पाच फूट पाच इंच, सासूबाई जेमतेम चार फूट दहा. मॅडमनी आम्हा दोघींना जुन्या ओट्यापाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावले आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं. मग पाटांची चळत रचून त्यावर पोळपाट ठेवला आणि खरोखरच पोळी लाटायला लावली. कोपराच्या साधारण पाच इंच खाली लाटणं आलं की खांदा वर चढत नाही, हे दोघींनाही हाताला कळलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला इतकी वर्षं स्वयंपाक करून सुचली नव्हती. शेगडीवर पातेलं ठेवलं की त्याचं तोंड ओट्यापेक्षा बरंच वर येतं. सिंकमध्ये उलट, भांडं ओट्याच्या खाली जातं. म्हणून गॅसची बाजू खाली हवी आणि सिंकची वर. आम्ही गॅसचा आणि लाटण्याचा भाग एकतीस इंचांवर घेतला, सिंकचा चौतीसवर. सासूबाई आता कुकरमध्ये वाकून न पाहता वरून बघतात, आणि भांडी घासताना माझी कंबर धरत नाही.

त्रास एकच. दोन उंचींच्या सांध्यात कणीक अडकते, तिथे रोज जुन्या टूथब्रशनं घासावं लागतं, आणि परात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकवता येत नाही. तरी ओटा पुन्हा केला तर असाच करीन.

बाथरूमबद्दल थोडक्यात. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, पाणी अडवून अठ्ठेचाळीस तास भरून ठेवा असं त्यांनी बजावलं होतं. ठेकेदार कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी पाइपाच्या कडेनं ओल दिसलीच. तेव्हाच बुजवली म्हणून निभावलं. दार बाहेर उघडणारं घेतलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे हे फार महत्त्वाचं होतं.

समोरचा पोर्च बंद करून हॉल पुढे घ्यायला मात्र त्यांनी साफ नको म्हटलं. परवानगीचा प्रश्न तर होताच, पण रो हाउसला उजेड फक्त पुढून आणि मागून, एक बाजू बुजवली की मधली खोली कायमची दिव्यावर. आमचा पोर्च दक्षिणेला आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो, त्यामुळे स्लॅबखाली ऊन शिरलंच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दुपारी ऊन उंबऱ्यापर्यंत येतं. सध्या सकाळी बोटं काकडून जातात. अकरा वाजले की सासूबाई तिथे चटई टाकून मेथी निवडत बसतात, शेजारच्या काकूही वाती वळायला येतात.

एक सल्ला मात्र चुकला, तेही सांगायला हवं. स्वयंपाकघरावरचा माळा काढा, उंची मोकळी वाटेल, असं मॅडम म्हणाल्या आणि आम्ही ऐकलं. वाटते मोकळी, खरंय. पण गणपतीचं मखर, लग्नकार्याची मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या हे सगळं जिन्याखाली कोंबावं लागलं आणि वर्षाच्या गव्हाची कोठी हॉलमध्ये आली. आमच्याकडे साठवणीचं किती असतं हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही. दिवाळीनंतर बाथरूमवर नवा माळा टाकून घेतला, त्याचे अकरा हजार वेगळे गेले.

वरच्या खोल्यांचं काम मार्चमध्ये काढतोय. मॅडमना परवाच फोन केला. या वेळी त्या यायच्या आधी सासूबाई आणि मी वहीत घरातल्या एकूण एक मोठ्या वस्तूची लांबी-रुंदी लिहून ठेवतोय. काल मखराचं माप घेतलं, साडेतीन फूट.